चुन्यानं आखलेला डबा

समुद्र मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा तो जागेवर नव्हता.

भाईंदर पश्चिमेहून सुटलेली बस मिठागरांच्या मधून हेलकावे खात शेवटच्या थांब्यावर येऊन थांबली. मी उतरले, पदर सावरला, आयुष्यात एकदाच येणाऱ्या क्षणासाठी मन तयार केलं आणि समोर पाहिलं. क्षितिजापर्यंत चिखल. त्या चिखलात पाच-सहा होड्या कुशीवर पडून झोपल्या होत्या, आणि एक कुत्रा अगदी समुद्राच्या मधोमध म्हणावं अशा ठिकाणी उभा राहून पाय खाजवत होता.

"समुद्र कुठे आहे हो?" मी कंडक्टरला विचारलं.

त्यानं चिखलाकडे एकदा पाहिलं. "गेलाय," तो म्हणाला. "चार-साडेचारला येईल."

आमच्या अमरावतीला नळाचं पाणीसुद्धा इतकं नक्की सांगून येत नाही.

पण मी इथे समुद्र बघायला आलेच नव्हते. मी अमरावतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते ते. पुण्याच्या एका सल्लागार कंपनीला मीरा-भाईंदरच्या एका नियोजित रेल्वेमार्गासाठी आकडे जमवायचे होते. मीरा रोडच्या नव्या वसाहतींतून निघायचं, भाईंदर पश्चिमेला वळसा घालायचा आणि किनाऱ्यावरच्या शेवटच्या गावापर्यंत जायचं, असा तो कागदावरचा मार्ग. किती लोक बसतील, किती वाजता बसतील, किती डबे लागतील आणि दिवसाला किती फेऱ्या, एवढं मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शोधून द्यायचं होतं. कंपनीचे साठे साहेब पुण्याहून निघताना म्हणाले होते, "मार्ग भाईंदरलाच थांबवायचा की गावापर्यंत न्यायचा, ते तुमच्या आकड्यांवर आहे बरं का." हे ऐकून मी इतकी फुशारले की बडनेऱ्याला गाडीत बसताना वडिलांना म्हटलं, "बाबा, मी रेल्वे टाकायला चालले." वडील म्हणाले, "उन्हात हिंडू नको."

मुक्काम शांती नगरात, माझी मावसबहीण शैला हिच्याकडे. शैला आणि तिचे यजमान अनंतराव गिरगावातली एक खोली सोडून दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आले होते आणि त्या दुसऱ्या खोलीचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. मला ती तीनदा दाखवण्यात आली. पाणी टँकरनं यायचं. टँकरचा भोंगा वाजला की अनंतराव हातातला घास टाकून बादली घेऊन तीन जिने धावत उतरायचे. पहिल्याच संध्याकाळी मीही मदतीला धावले, आणि घाईघाईत भलत्याच बिल्डिंगच्या रांगेत उभी राहून दोन बादल्या पाणी परक्या लोकांच्या टाकीत ओतून आले. त्या लोकांनी मला चहा पाजला.

दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फॉर्म भरू लागले. तेवीस प्रश्नांचा फॉर्म होता. घरचाच म्हणून पहिला अनंतरावांचा भरला.

"नवी गाडी झाली तर किती वाजता निघाल?"

"आठ बारा," अनंतराव क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "इथूनच सुटायला हवी. रिकामी यायला हवी. आणि खिडकी."

"खिडकीचा प्रश्न नाहीये फॉर्ममध्ये."

"मग घाला की. तुम्हीच बनवताय ना?"

त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनाच आठ बाराची, इथूनच सुटणारी, रिकामी गाडी हवी होती. समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती दुकानदारानं तर कमाल केली. "बहन, मैं तो दस बजे निकलता हूँ," तो म्हणाला, "लेकिन आप आठ लिखो. सब आठ बोल रहे हैं, तो अच्छीच होगी." हाटकेशला एका छोट्या कारखान्यात गेले, तर तिथले कामगार म्हणाले की त्यांची पाळी सातची आहे, पण गाडी सव्वासातला मिळाली तर मालकाला सांगायला कारण होईल. चार दिवसांनी मी बेरीज केली तेव्हा निष्पन्न असं झालं की सकाळी आठच्या सुमारास बऱ्याच गाड्या लागतील, त्या सगळ्या रिकाम्या असाव्या लागतील, आणि डब्यांना फक्त खिडक्या लागतील.

मग उरलं ते किनाऱ्यावरचं गाव. पहिल्या दिवशी, ती षष्ठी होती, मी रस्ते आणि घरं बघून आले. समुद्र नसण्याची हकीकत त्याच दिवशीची. खरी मोजणी पुढचे तीन दिवस. पहाटे उठून पहिल्या बसनं जायचं आणि सहा ते दहा गावच्या थांब्यावर बसून चढणारी माणसं वहीत टिपायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. नोकरीवाले थोडे होते, पण मला रस होता मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायांमध्ये. पुण्याच्या कार्यालयात सगळ्यांना वाटत होतं की या बायांमुळे गाड्या भरून वाहतील. पहिल्या दिवशी अकरा बाया आल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी चौदा. मी हिशेब केला: गावाला अर्धा डबा पुरे.

भाईंदरच्या एसटीडी बूथवरून मी साठे साहेबांना हे कळवलं. साहेब खूष झाले. "मग गावापर्यंत रूळ हवेत कशाला? भाईंदरलाच थांबवू. सुटसुटीत! अहवाल लिहायला घ्या."

परतीच्या बसच्या वेळा वहीत टिपायच्या राहिल्या होत्या, म्हणून त्याच दुपारी पुन्हा गावात आले. थांब्याजवळ एक पन्नाशीची बाई जाळं मांडीवर घेऊन शिवत बसलेली असायची. तीन दिवस ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. त्या दिवशी तिनं सुई जाळ्यात खोचली.

"बाय, तू काय मोजतंस?"

"माणसं. बसमध्ये चढणारी. रेल्वे आणायचीये ना, म्हणून."

"दाखव."

मी वही पुढे केली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघा कळत होत्या. तिनं बोटानं रेघा मोजल्या आणि एकदम हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग तिनं शेजारच्या घरातल्या दोघींना हाक मारली आणि त्यांनाही रेघा दाखवल्या. त्याही हसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"आगं, भांगात मोजलं तं काय गावंल?"

मला भांग दोनच माहीत होते. एक केसांतला, एक प्यायचा. दोन्हींचा माझ्या कामाशी संबंध नव्हता, आणि दुसऱ्याचा ती माझ्याशी जोडतेय की काय अशी मला शंका आली. मग हिराबाईनं, हे तिचं नाव, मला ओट्यावर बसवून नीट सांगितलं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते. तो भांग (मंद भरती-ओहोटीचे दिवस). जाळ्यात काही येत नाही, होड्या निजून असतात, बायका घरची कामं काढतात. अमावस्या-पुनवेला पाणी जोरानं चढतं आणि उतरतं. ते उधाण. तेव्हा जाळी भरतात आणि सगळ्या गावच्या बाया पाट्या घेऊन निघतात.

"म्हणजे मी गावात कोणी नसताना मोजलं?"

"गावात सगली होती. रस्त्यावर कोन न्हवतं."

"अव्वो बाप्पा!" माझ्या तोंडून निघालं. वऱ्हाडी ऐकून त्या तिघी पुन्हा हसल्या.

"बरं, उधाणात होड्या किती वाजता येतात?"

"भरतीबरोबर."

"आणि भरती?"

"तिथीची पावनपट. तुला पावनकी येतं?"

पाऊणकी! माझ्या आजीनं माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले होते आणि तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नव्हता. "आज नवमी," मी म्हटलं, "नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे पावणेसातला भरती?"

"आमावस्या?"

"पंधरा... सव्वाअकरा."

हिराबाईनं मान डोलावली. वीस वर्षं पाढे पाठ असलेली विद्यार्थिनी मिळाल्यासारखा तिला आनंद झाला होता. मी मात्र वहीत आकडे मांडू लागले. रोज एक तिथी पुढे, म्हणजे रोज पाऊण तास पुढे. मी सकाळी सहा ते दहा थांब्यावर बसून होते आणि उधाणात ह्या बाया निघणार भर दुपारी. आणि मी साहेबांना सांगून बसले होते, अर्धा डबा.

त्या दिवशी हिराबाईनं मला जेवायला ठेवून घेतलं. भांग असला तरी घरापुरते चार बोंबील होतेच. तांदळाची भाकरी आणि तळलेला बोंबील. मी आयुष्यभर नदीचे मासे काट्यांना घाबरत खाल्लेले. हा मासा जिभेवर ठेवला आणि विरघळला. मी तोंडात काटा शोधत बसले. "हाड न्हाय त्याला," हिराबाई म्हणाली, "आमच्या जावयासारखा." जावई शेजारीच जेवत होता. तोही हसला.

संध्याकाळी पुन्हा एसटीडी बूथ.

"साहेब, मोजणी चुकली. आणि गावच्या गाडीची वेळ रोज पाऊण तास पुढे सरकवावी लागेल."

"कोणासाठी?"

"चंद्रासाठी."

"तिकडे ऊन फार आहे का हो?"

मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांचा स्वर एकदम निवळला. "एवढंच ना! भांगाचे आकडे घ्या, उधाणाचे घ्या, वेळाही घ्या. सगळ्यांची सरासरी काढा आणि एक गाडी ठेवा."

"पण साहेब, सरासरीच्या वेळेला किनाऱ्यावर होडीच नसते. आणि सरासरीइतक्या बाया कुठल्याच दिवशी येत नाहीत. एक तर नऊ, नाहीतर अख्खं गाव."

वीस वर्षं सरासरीवर जगलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. केव्हा येऊ?"

"अमावस्येला या."

"अमावस्येला प्रवास?" साहेबांचा आवाज खाली आला. मग खाकरून म्हणाले, "नाही, अंधश्रद्धा वगैरे नाही. पण घरचे... असं करू, दुसऱ्या दिवशी येतो."

हिराबाईला विचारलं. "पाडव्याला बी उधाण आसतं," ती अमावस्येनंतरच्या प्रतिपदेबद्दल म्हणाली. "येऊ दे."

आता प्रश्न होता डब्याचा. छापील तक्त्यात होतं की एका चौरस मीटरमध्ये सहा माणसं उभी राहतात. पाट्यांबद्दल तक्ता गप्प होता. बाई एक आणि पाटी एक, मग ते प्रवासी किती? मी हिराबाईलाच विचारलं. ती म्हणाली, "बसवून बघू." अमावस्येच्या आदल्या दिवशी मासळी सुकवायच्या पटांगणात आम्ही चुन्यानं रेल्वेचा डबा आखला. लांबी-रुंदी मी टेप लावून बरोबर घेतली, दारं सोडली, आणि हौसेनं खिडक्यांच्या खुणाही केल्या. खिडक्या काढायला नको होत्या. हिराबाईच्या हाकेनं वीस-बावीस बाया पाट्या घेऊन आल्या आणि दारातून आत शिरताच पहिलं भांडण लागलं ते खिडकीवरून.

"मी आधी बसली!"

"तुला काय बघायचंय खिडकीतून? समोर माझीच भिंत हाय!"

दोन म्हातारे कडेला उभे राहून बघत होते. त्यांतला एक चुन्याच्या रेघेवरून आत आला, तर बायांनी त्याला ओरडून बाहेर काढलं. "बायांचा डबा हाय! दिसत न्हाय?" तो बिचारा गोंधळून रेघेबाहेर गेला आणि दुसऱ्याला म्हणाला, "आपला डबा कुठं आखलाय?" आखला नव्हता. याबद्दल त्यांनी माझ्याकडे रीतसर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर माझ्या डब्यात कुणीतरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळा (सुकवायची बारीक कोळंबी) पसरून ठेवलेला. गाडी पूर्ण भरलेली होती म्हणायची.

अमावस्येला मी मोजलं. सव्वाअकराच्या आगेमागे होड्या लागल्या आणि साडेबारानंतर बस थांब्यावर जे झालं ते मोजायला माझी पेन्सिल अपुरी पडली. बसमध्ये पाट्या घेईनात, टेम्पो एकच, निम्म्या बाया रस्त्याच्या कडेनं चालत निघाल्या, डोक्यावर ओझं आणि पायाखाली तापलेलं डांबर. मी वहीत रेघा ओढत होते, पण त्या दिवशी मला हसू येत नव्हतं. आठवडाभरापूर्वी मी ह्यांनाच शून्याच्या जवळ नेऊन ठेवलं होतं.

पाडव्याला साठे साहेब आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट. मी त्यांना किनाऱ्यावर नेलं. "पाडव्याला तिथी पुन्हा एक, म्हणून पाऊण वाजता भरती," मी सांगितलं. साहेब घड्याळ हातात धरून उभे राहिले. बारा चाळीसला पहिली होडी वळली. साहेबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालतंय ना म्हणून.

मग पटांगणात. बाया भरल्या पाट्या घेऊन तयारच होत्या. साहेब तक्ता उघडून म्हणाले, "एका चौरस मीटरमध्ये सहा. मी स्वतः आत उभा राहून बघतो." ते डब्यात शिरले. पुण्याचा पाहुणा म्हणून बायांनी त्यांच्यावर आक्षेप घेतला नाही. सहावी बाई आत आली तेव्हा साहेबांचा तक्ता छातीशी चिकटला. सातवी हिराबाई. तिच्या डोक्यावरच्या पाटीतून बर्फाचं आणि मासळीचं पाणी ठिबकलं ते नेमकं साहेबांच्या खांद्यावर. साहेब "अरे, अरे" करत मागे सरकले आणि त्यांचा एक पाय चुन्याच्या रेघेबाहेर पडला.

"साहेब, पाय आत!" हिराबाई ओरडली. "गाडी चालू हाय, पडशील!"

आणि साठे साहेबांनी, पुण्याच्या साठे साहेबांनी, झटकन पाय आत घेतला आणि वर हात करून नसलेली कडी धरली.

अख्खं पटांगण हसलं. साहेब दोन क्षण तसेच हात वर करून उभे होते. मग त्यांनाच कळलं आणि तेही इतके हसले की डोळे पुसायला रुमाल काढायला जागा मिळेना. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातातली टेप घेतली, चुन्याच्या रेघेशी उकिडवे बसले आणि एकेक पाटी स्वतः मोजली. तक्त्यात त्यांनी आपल्या हातानं लिहिलं: एक पाटी म्हणजे एक माणूस.

पण उठताना त्यांचा चेहरा पुन्हा सल्लागाराचा झाला. "हे सगळं पटतंय. पण दुपारी ह्यांच्यासाठी जादा गाडी कुठून आणायची? त्याला खर्च आहे. तिथेच अडणार."

हिराबाई पाटी खाली ठेवून ऐकत होती. "साहेब, ती सकाळची गाडी, हापिसवाल्यांची. ती दुपारी काय करतं?"

"काही नाही. संध्याकाळपर्यंत उभी असते."

"उन्हात?"

"हो."

"मंग आमाला दे की. उभी ठेवून काय पापड वालवायचेत?"

साहेब माझ्याकडे बघू लागले, मी साहेबांकडे. अनंतरावांच्या आठ बाराच्या गाड्या अकरा वाजल्यापासून मोकळ्या होत्या. एकही नवी गाडी नको. उधाणाच्या दिवसांत त्यांतलीच एक पाऊणपटीनं सरकवायची, भांगात तिला विश्रांती द्यायची, एका डब्यातली बाकं काढून पाट्यांना जागा करायची. माझ्या हातात तेवीस प्रश्नांचा फॉर्म होता आणि हा प्रश्न त्यात नव्हता.

निघायच्या दिवशी हिराबाई थांब्यावर सोडायला आली. इतके दिवस प्रश्न मी विचारत होते. आज तिनं विचारला.

"बाय, गाडी खरंच येल काय?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण जमेना. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "ते ठरवणारे वेगळे. मी फक्त मोजलं."

तिला आश्चर्य वाटलं नाही. "समदं लिवलं ना तू? उधाण, पाट्या, सगलं?"

"लिहिलं. साहेबांनी सही केली."

"मंग झालं. आता न्हाय आनली तं चूक त्यांची. मोजनीची न्हाय."

बस आली. तिनं सुक्या बोंबलांची पुडी माझ्या पिशवीत कोंबली, आणि बडनेऱ्यापर्यंत आमच्या डब्यात माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. मी पाय पसरून झोपून आले.

अहवाल छापून आला तेव्हा त्यात मार्ग गावापर्यंत होता. वेळापत्रकाखाली साहेबांनी एक ओळ घातली होती: "किनारी गावाची दुपारची गाडी तिथीनुसार, स्थानिक महिलांशी चर्चा करून." ती चर्चा कशी झाली ते वाचणाऱ्याला कधी कळणार नाही. मी हे लिहीपर्यंत तरी तिथे रूळ आलेले नाहीत. बाया अजून टेम्पोची वाट बघतात, असं शैलाच्या पत्रात असतं.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी चौकशीला गेले आणि माझीच तपासणी होऊन आले, एवढं मात्र खरं. जूनमध्ये कॉलेज उघडलं. सरासरीचा धडा आला तेव्हा फळ्यावर सूत्र लिहिलं आणि मग खडू ठेवून मुलांना म्हटलं, "आकडा काढलात की आधी विचारा, हा कोणत्या दिवशी खरा असतो? कोणत्याच दिवशी नसेल, तर त्यावर कुणाची गाडी सोडू नका."

वर्ग गंभीर झाला. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत," मी म्हटलं, "सरासरीच लिहा."